विशाखा मॅडम आणि आबांचा मणका

नळीचं झाकण उघडं असताना कुणी बोललेलं विशाखा मॅडमना चालत नसे. प्राचार्य जरी दारात उभे राहिले, तरी त्या मान वर करत नसत. झाकण लागलं की मग, "हं, बोला सर." बारामतीच्या आमच्या कॉलेजात मी प्राणिशास्त्र शिकवायचो, मॅडम शेजारच्या खोलीत संशोधन करायच्या. हातमोजे, मास्क, टेबल पुन्हा पुन्हा पुसणं हे बघून एका सहकाऱ्याने त्या खोलीला 'सोवळ्याची खोली' असं नाव ठेवलं. मॅडम शांतपणे म्हणाल्या, "सोवळं दुसऱ्याच्या हातापासून पाळतात सर. मी माझ्याच हातापासून पाळते." पेशींतल्या ज्या आरएनए नावाच्या नाजूक रेणूवर त्या काम करत, तो फस्त करणारी द्रव्यं आपल्या कातडीवर असतात, नुसत्या स्पर्शाने मेहनत मातीमोल होते. बौद्ध घरातल्या बाईला आपण काय बोललो, हे त्या गृहस्थाला मात्र शेवटपर्यंत कळलं नाही. डबा त्या एकट्याच खायच्या.

मणक्याच्या दोन हाडांमध्ये गादीसारखी चकती असते. ती झिजली की आपल्याकडे 'मणक्यात गॅप पडला' म्हणतात. शस्त्रक्रियेत काढलेले चकतीचे तुकडे रुग्णांच्या परवानगीने मॅडम बर्फाच्या डब्यातून आणत आणि त्यातला आरएनए वेगळा करत. तोही असा, की जो स्वतः प्रथिनं बनवत नाही. "घरात एखादं न कमावणारं म्हातारं माणूस असतं ना सर," त्या सांगत, "स्वतः काही करत नाही, पण कुणी काय करायचं ते तेच ठरवतं. तसला हा." या म्हाताऱ्याचं कुठे बिनसतं आणि चकती झिजायला लागते, हे त्यांना शोधायचं होतं.

या ध्यासाचं मूळ त्यांच्या गावी, कळंबला होतं. त्यांच्या वडिलांनी, आबांनी, उभी हयात उसाच्या मोळ्या डोक्यावरून ट्रकमध्ये चढवल्या होत्या. म्हातारपणी ते पार वाकून गेले. आई नव्हती, मॅडमनी लग्न केलेलं नव्हतं, त्यामुळे रविवार आबांचा. एकदा मीही सोबत गेलो. आबा गावभर सांगत सुटले होते, की लेक पाठीचं औषध काढतीय. मॅडम घरात आपल्या मूळ बोलीवर यायच्या.

"आबा, औषध न्हाय. गादी का झिजती, एवढंच बगतीय मी."

"मग माझी बग की."

"गरज नसताना ऑपरेशन करत न्हाईत."

"मेल्यावर काढ. जित्तेपणी ह्या पाठीनं लई छळलं. मेल्यावर तरी तुज्या कामाला यील."

शेजारी बसलेले आबांचे धाकटे भाऊ, तात्या, हसले. आबा हसले नाहीत. पुढच्याच आठवड्यात त्यांनी डॉक्टरांसमोर रीतसर संमती दिली.

उन्हाळ्यात आबा बारामतीच्या दवाखान्यात वारले. माणूस गेल्यावर आरएनए फार काळ शाबूत राहत नाही. तात्या कळंबहून पोचेपर्यंत डॉक्टरांनी चकतीचा तुकडा काढला होता.

तात्या दवाखान्याच्या पायऱ्यांवरच म्हणाले, "बापाला कापाय दिलंस व्हय गं?"

"आबांनीच सांगितलं हुतं तात्या. तुमच्यासमोर."

"म्हातारं कायबी बोलतं. तुला कळाय नगं?"

आबांच्या जलदानविधीला वंदना झाली, जेवणं झाली, पण मॅडमशी कुणी शब्द बोललं नाही. मी एका कोपऱ्यात त्यांच्याजवळ बसून राहिलो. नंतर कळंबहून त्यांना कधी बोलावणं आलं नाही. मॅडम आता रविवारीही प्रयोगशाळेत येऊ लागल्या.

कुठला नमुना कुणाचा हे तपासणाऱ्याला कळता कामा नये, म्हणून नळ्यांवर नंबर चिकटवण्याचं काम माझ्याकडे होतं. "आबांचा नंबर मला सांगू नका," त्यांनी बजावलं. "कळला तर त्यालाच जपत बसेन." कधी कधी त्या नमुन्यांच्या फ्रीजरपाशी उभ्या राहत. "ह्यातच कुठंतरी आहेत आबा. भावकी तुटली ती तुटली. ते कामाला आले म्हणजे झालं."

मग तपासणीचा दिवस आला. आरएनए शाबूत आहे की त्याचे तुकडे झालेत, हे सगळ्यात आधी बघावं लागतं. तुकडे झालेला नमुना पुढे काहीच उपयोगाचा नसतो. मॅडम यंत्राच्या पडद्यावर बघून नंबर सांगत होत्या, मी नळ्या लावत होतो.

"सतरा गेला. टाकून द्या सर."

सतरा म्हणजे आबा होते. नळी माझ्या हातात राहिली. एवढ्यासाठी या बाईने घर गमावलं, आणि आता तीच किती सहज 'टाकून द्या' म्हणते आहे, असं मनात आलं. मॅडमनी पडद्यावरची नजर काढून माझ्याकडे पाहिलं. मग माझ्या हातातल्या नळीकडे. आणि मान फिरवून म्हणाल्या, "टाका सर. आणि कुणाचा ते सांगू नका."

मी नळी टाकली.

आता मी निवृत्त होऊन बारामतीजवळ कन्हेरीला राहतो. मॅडमचा अधूनमधून फोन येतो. काम कुठवर आलं ते सगळं सांगतात, आणि मी त्या नळ्यांबद्दल बोलायला लागलो की घाईने फोन ठेवतात.