चिंच-राखेनं घासलेलं विमान

माझ्या वडिलांनी मेलेल्या मित्रावर आळ घातला आणि तो आयुष्यभर तसाच राहू दिला.

आज आबांना जाऊन सहा वर्षं झाली. दरवर्षी मी त्यांचा युनिफॉर्ममधला फोटो टाकते. तुम्ही ‘सॅल्यूट’ लिहिता, हात जोडता.
यंदा फोटो नाही. यंदा खरं लिहिते. ज्यांना अनफ्रेंड करायचंय त्यांनी खुशाल करा.

आबा म्हसवडचे. चाळीसच्या दशकात, लढाई पेटलेली असताना भरती झाले. घरातले बाकी सगळे पायदळात, हे मात्र विमानांच्या दुरुस्तीत. पूर्वेला, समुद्राकाठच्या एका तळावर.

काम काय, तर गंज शोधायचा.

ठरावीक तास उडून झालं की विमान उघडायचं. टॉर्च आणि छोटा आरसा घेऊन आत सरपटत जायचं, एकेक सांधा बघायचा. अॅल्युमिनियमचा गंज लाल नसतो. रांगोळी सांडल्यासारखी पांढरी भुकटी येते. ती दिसली की रजिस्टरमध्ये लिहायचं. मग पत्रा बदलेपर्यंत विमान जमिनीवर.

जोडीला भूपाल. सांगलीजवळच्या कृष्णाकाठच्या गावचा, जैन शेतकऱ्याचा मुलगा. अख्ख्या तळावर मराठी बोलणारे हे दोघेच. भूपाल दिवस मावळायच्या आत जेवायचा, म्हणून आबा ड्यूटी सोडून त्याचं ताट आणायला पळायचे. शिव्या खायचे, पण आणायचे.

एकदा शेपटीकडच्या सांध्यात आबांना पांढरं दिसलं. दुसऱ्या दिवशी साहेबाची तपासणी.

आबांनी काय करावं? मेसमधून चिंच आणली, चुलीतली राख आणली आणि घरी तांब्याची भांडी घासतात तसा पत्रा घासून लख्ख केला.
हे आमच्या म्हसवडच्या माणसालाच सुचावं.

भूपाल म्हणाला, रजिस्टरात लिहूया.

“आरं, गंज ऱ्हायलाच न्हाई, तर लिवायचं काय?”

दोघांनी ‘ठीक’ म्हणून सह्या केल्या. साहेबानं चकाकी बघून आबांची पाठ थोपटली. मग काय, दर तपासणीला आबा चिंच-राख घेऊन हजर. त्यांना खरंच वाटायचं, गंज गेला.

दोन-तीन महिन्यांनी भूपालला रजा मिळाली. रेल्वेत आठवडा मोडायचा, म्हणून आबांनी पायलटच्या हातापाया पडून त्याला त्याच विमानात जागा मिळवून दिली. चढताना भूपाल शेपटीकडं बघत थांबला.

“जा रं गड्या, बिनघोर. मी सोता बघितलंय.”

विमान तळाच्या हद्दीतच पडलं. पायलट गेला. भूपाल गेला.

साहेबानं शेपटीचा तुकडा सगळ्यांसमोर ठेवला. वरून चकचकीत, आणि सांध्याच्या आत बोटानं मोडेल असा, पापडासारखा. राखेचं आणि चिंचेचं पाणी आत झिरपून बसलं होतं. तेच पत्रा खात राहिलं.

इथवर ती चूक होती. अडाणीपणाची. एवढ्यासाठी मी आबांना केव्हाच माफ केलं असतं.

पण साहेबानं विचारलं, हे कुणी घासलं?
आणि आबांनी भूपालचं नाव सांगितलं.

तसंच पत्र सांगलीला गेलं.

लढाई संपल्यावर आबा भूपालच्या घरी गेले. खरं सांगायलाच गेलो होतो, असं ते मला म्हणाले. मी विश्वास ठेवते. दुसरं काय करणार?

भूपालच्या वडिलांनी त्यांना आधी पोटभर जेवू घातलं. मग विचारलं,
“पोराच्या हातनं चूक झाली असं लिवून आलंय. तुमी व्हतासा तितं. खरं हाय का?”

“व्हय, आण्णा.”

आबा एवढंच बोलले.

पर्युषणाचं पर्व संपलं की जैनांच्यात वर्षभरात दुखावलेल्या सगळ्यांची क्षमा मागतात. म्हाताऱ्यानं आबांकडं पायलटच्या घरचा पत्ता मागितला, त्यांची क्षमा मागायला. आबांकडं तो नव्हता.

मग तो उठला आणि आबांच्याच पुढं हात जोडून उभा राहिला.
“तुमी त्याचं जोडीदार. त्याच्यापायी तुमाला बी लय तरास झाला आसंल. त्याच्या वतीनं माफी मागतो.”

आबांनी ती माफी घेतली.
घेतली, आणि म्हसवडची एसटी... नाही, तेव्हा एसटी कुठली. मिळेल त्या गाडीनं घरी आले.

हे त्यांनी मला जाण्याच्या आदल्या वर्षी सांगितलं. मी चिडून विचारलं, परत का नाही गेलात? म्हसवडहून सांगली काय परदेशात आहे? म्हणाले, आण्णा होते तोवर तोंड दाखवायची लाज वाटली, आणि आण्णा गेले तेव्हा सांगायचं कुणाला?

आबांचं तेरावं झाल्यावर मीच गेले. घर विकलेलं. वारस कर्नाटकात कुठंतरी, पत्ता कुणालाच माहीत नाही. शेजारच्या एका आजींना भूपालचं नाव सांगितलं.

“कोण, त्यो इमान पाडलेला?”

मी त्यांना सगळं सांगितलं. अगदी पहिल्यापासून. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.
“आता कुणाला सांगतीस बाय? त्याची आय हेच ऐकत मेली.”

म्हणून इथं लिहिते. तीनशे-साडेतीनशे फ्रेंड्स तुम्ही, त्यात सांगलीचे दहा-बारा. यानं काहीही बदलणार नाही, मला कळतं.

आबांची मला रोज आठवण येते. फार प्रेमळ होते हो. तरी आज त्यांच्या फोटोला हार घालायला हात उचलला नाही.

भूपालकाका, काका म्हणतेय, पण तुम्ही तर विशीतच गेलात.
पत्रा माझ्या वडिलांनी घासला होता. तुम्ही लिहा म्हणाला होतात.

आमच्या घराकडून तुम्हाला ही श्रद्धांजली. फार उशिराची.