गृहभेटीचे पोहे

सासूबाई माझ्याबद्दल सगळ्या कामरगावात एकच गोष्ट सांगत आल्या आहेत : "आमची सून बोलत नाई, चावते." त्यात खोटं काही नाही. मी घरी ब्लाउज शिवते. माप द्यायला आलेली बाई "मग, काही विशेष?" असं पोटाकडे बघत विचारायची, तेव्हा मी तिच्या दंडाचं माप जरा घट्टच धरायची. नंतर त्या बाहीत तिचा हात अडकला की मला फार बरं वाटायचं.

लग्नाला अकरा वर्षं झाली होती. अकोल्याचे दवाखाने झाले, अमरावतीचे झाले, इंजेक्शनं टोचून टोचून कंबर चाळणी झाली. एकदा तिकडूनच परतताना कारंज्याला स्टँडजवळ आम्ही उसाचा रस प्यायला थांबलो. नवरा एकदम म्हणाला, "तुले लेकरू पायजे का पोट पायजे?" मी तिथेच, रसवाल्यासमोर, भोकाड पसरलं. मग नाक पुसून म्हणाले, "लेकरू." त्याने दोन ग्लास आणखी मागवले.

त्याच आठवड्यात दत्तकाचा फॉर्म भरला. सासरे म्हणाले, चांगलं केलं. सासूबाई तूर निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "तुमचं तुमी पाहा." बस. त्यानंतर कित्येक महिने त्या विषयावर त्यांनी तोंड उघडलं नाही.

माझा जीव तिथेच अडकला. लेकरू देण्याआधी संस्थेची बाई घरी येते, घर बघते आणि घरातल्या प्रत्येकाशी वेगळं बोलते, हे आम्हाला कळलं होतं. बंद खोलीत सासूबाई काय बोलतील? जात विचारतील? मुलगाच पाहिजे म्हणतील? गावात कुजबुज सुरू झालीच होती. एक गिऱ्हाईक तर तोंडावर म्हणाली, "दुसऱ्याचं लेकरू आपल्यावर थोडंच जाते, बाई?" तिची बाही मी दोनदा उसवून दोनदा घट्ट केली. पण तेच वाक्य सासूबाई बोलल्या तर? त्यांच्या एका वाक्यावर माझं लेकरू अडलं होतं, आणि त्यांना विचारायची माझी, एवढ्या चावऱ्या बाईची, हिंमत होत नव्हती.

भेटीच्या सकाळी मी अंघोळ करून बाहेर आले तर अंगण सारवलेलं, सतरंज्या अंथरलेल्या. चुलत सासरे इस्त्रीची टोपी घालून बसलेले, दोन्ही चुलत जावा हजर, शेजारचेही सात-आठ जण. चुलीवर लग्नाच्या पातेल्यात पोहे. सासूबाईंच्या हातात माझी लग्नातली साडी.

"हे नेस."

"कायले?"

"पाहुणे पाह्याले येऊन राह्यले ना!"

माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. या बाईने मुलगी बघण्याचा कार्यक्रम मांडला होता.

"आत्याबाई, मले पाह्याले नाई येत कोनी! लेकरू द्यायचं का नाई, ते पाह्याले येऊन राह्यल्या!"

"तेच ते. पसंतीच होय ना?"

मी खूप बोलले. एवढी गर्दी बघून ती बाई दारातूनच परत जाईल, तुम्हाला तेच पाहिजे असेल, असंही बोलले. ते बोलायला नको होतं. सासूबाईंनी साडी माझ्या शिलाई मशीनवर ठेवली आणि गेल्या. मी रागारागात नेसले.

संस्थेची बाई आली, ती माझ्यापेक्षाही लहान. दारात तिला बघून पंधरा माणसं एकदम उठून उभी राहिली. तिच्या हातात वही होती, त्या वहीवरच कुणीतरी पोह्यांची बशी ठेवली. चुलत सासऱ्यांनी घसा साफ करून सुरुवात केली, "पोरगी कामाची हाय, मॅडम. शिवणकाम येते, सैपाक येते. तोंडानं थोडी तिखट हाय, पन मनात काई नाई." तिने ते लिहूनही घेतलं.

मग एकेकाला आतल्या खोलीत बोलावणं आलं. सगळ्यात शेवटी सासूबाई गेल्या आणि दार लागलं. मी स्वयंपाकघरात उगीच लिंबं कापत राहिले, सात-आठ कापली असतील. मग आतून हसण्याचा आवाज आला. हसणं चांगलं की वाईट, तेही मला कळेना.

दार उघडलं. संस्थेची बाई डोळे पुसत बाहेर आली. "आजींनी माझा एकही प्रश्न पूर्ण होऊ दिला नाही. मलाच विचारत होत्या, दात किती आले म्हणून."

"कोणाचे?"

"बाळाचे! अहो, बाळ अजून ठरलंच नाही म्हटलं, तर माझ्यावरच रागावल्या."

"मंग काय करू?" सासूबाई मागून कडाडल्या. "लेकराच्या खिरीची सोजी बारीक दळू का जाडी दळू, कोनी सांगन का नाई मले? इतके महिने झाले, एकजन सांगून नाई राह्यला!"

मी हळूच विचारलं, "मुलगा का मुलगी, ते नाही विचारलं?"

"त्यानं सोजीत काय फरक पडते?"

मी सगळ्यांसमोर रडले. लग्नातल्या साडीच्या पदरालाच नाक पुसलं. गार झालेले पोहे त्या दिवशी मी दोन बशा खाल्ले.

त्यानंतरही पुष्कळ वाट बघावी लागली. मग फोन आला, फोटो आला आणि चौदा महिन्यांच्या मुलीला घेऊन आम्ही गावात शिरलो. अंगणात तीच मंडळी, त्याच सतरंज्या. सासूबाईंनी भाकरतुकडा ओवाळून टाकला, हात धुतले आणि पोरीला नीट बघायच्याही आधी तिच्या तोंडात बोट घातलं. "वरते चार... खालते..."

पोरीने कचकन चावा घेतला.

पोरगी ओठ काढून रडायच्या बेतात. सासूबाईंनी बोट बाहेर काढलं, त्यावरचे दातांचे वण डोळ्यांजवळ नेऊन बघितले आणि तो हात वर करून सगळ्या गोतावळ्याला दाखवला.

"पाह्यलं काय?" त्या म्हणाल्या. "बोलत नाई, चावते. मायवरच गेली!"