कवळीचा वास

आमच्या ह्यांनी तीस वर्षांत किती कवळ्या केल्या असतील, देव जाणे. डॉक्टर माप पाठवतात, हे मागच्या खोलीत बसून कवळी घडवतात. देण्याआधी ती नाकाशी धरून हुंगायची, ही जुनी खोड. वास नाही म्हणजे काम पक्कं. त्या नाकाचा तोरा तर विचारूच नका!

मग सासूबाईंची कवळी केली. चार दिवसांत त्यांचं तोंड आतून लालबुंद झालं. "दूधसुद्धा झोंबतंय गं," म्हणायच्या. त्यांच्या बहिणीचा कॅन्सर अशाच जळजळीने सुरू झाला होता. कुणी बोलत नव्हतं, पण तिघांच्याही मनात तेच. डॉक्टरांनी सोमवारी बोलावलं होतं.

रविवारी मी कवळी धुवायला घेतली आणि भपकन वास आला. मागच्या खोलीत हे ज्या बाटलीतल्या द्रवात कवळीची पावडर कालवतात, त्या द्रवाचा उग्र वास.

"अहो, ही हुंगली होती ना?"

"हो, म्हणजे काय!"

"मग आता हुंगा."

हुंगली. चेहरा कोरा. मी ती बाटलीच उघडून नाकाखाली धरली, तरी ढिम्म! दोन महिन्यांपूर्वीच्या तापात ह्यांचं नाक गेलं होतं, आणि पठ्ठ्याने कुणाला पत्ता लागू दिला नव्हता.

"बाकीच्या घड्याळ लावून उकळल्या," हे खाली मान घालून म्हणाले. "आईला घाई होती, म्हणून हिलाच तासभर आधी काढली."

"मग काय बिघडलं?"

"त्या बाटलीत मोनोमर असतो, नुसते सुटे कण. पावडर म्हणजे त्याच कणांच्या लांबच लांब साखळ्या, पॉलिमर. दोन्ही कालवून तापवलं की सुटे कणही एकमेकांना जोडले जातात. जोडला गेला की कण गरीब. सुटा राहिला की वास मारतो, तोंडाला झोंबतो."

"म्हणजे आईंना आजार नाही?"

"नसावा," हे म्हणाले आणि त्यांनी पाणी तापत ठेवलं.

मी काय काय बोलले ते सांगत नाही. कवळी पुन्हा गरम पाण्यात गेली, घड्याळ माझ्या हातात. सोमवारी डॉक्टरांनी नीट तपासलं. कवळीचीच जळजळ, दुसरं काही नाही! जिन्यातच मला रडू फुटलं.

आठवड्याने सासूबाई कडक टोस्ट कुरुमकुरुम खात होत्या. हे दारात उभं राहून ऐकत होते. मग आत गेले, एक नवी कवळी आणून माझ्यापुढे धरली.

"बघ गं जरा."

तीस वर्षांत पहिल्यांदा विचारलं. मी हुंगली.

"झाली," म्हटलं. "द्या पाठवून."