मोठ्या बाईंची वाटणी

रुग्णालयातल्या सगळ्या नर्सेस मुख्य नर्सला मोठ्या बाई म्हणत. बाई उंचीला बेताच्याच, पण त्यांचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. कुणी कुठल्या वॉर्डात जायचं हे त्या ठरवत आणि चहाच्या खोलीत तोंडीच सांगत. कुणाची सासू आजारी आहे, कुणाचं कुणाशी विळ्याभोपळ्याचं सख्य आहे, सारं त्यांना पाठ होतं. व्यवस्थापनानं वाटणीसाठी संगणकात कृत्रिम बुद्धिमत्ता आणली तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, की बुद्धी आणलीत ते ठीक, आता माया कुठून आणणार?

पहिल्याच वाटणीत त्या बुद्धीनं एकमेकींचं तोंडही न पाहणाऱ्या दोघींना एका वॉर्डात जुंपलं. बाई खूश झाल्या. पण पुढच्या वेळी तिनं त्यांच्याच वर्मावर बोट ठेवलं. मागच्या साऱ्या नोंदी चाळून तिनं दाखवून दिलं, की भाजलेल्या रुग्णांच्या वॉर्डात सगळ्यांत जास्त राबली ती एकटी अबोली. फार बोलत नाही म्हणून तिला सगळ्या अबोली म्हणत. बाईंना ते फार लागलं, कारण ते खरं होतं. कुरकुर करणाऱ्या सुटत होत्या, गप्प बसणारीच्या गळ्यात काम पडत होतं, आणि ते घालणाऱ्या बाईच होत्या.

आता यंत्रानं अबोलीला लहान मुलांचा वॉर्ड सुचवला होता. अबोलीचा मुलगा त्याच वॉर्डात दगावला होता. यंत्राला हे कुठून कळणार? बाईंना ठाऊक होतं, म्हणून तर त्यांनी तिला तिकडे कधी पाठवलं नव्हतं. शेवटचा शब्द अजून त्यांचाच होता. पण बाकीच्या वॉर्डांत जागा नव्हती; नको म्हणावं तर तिला पुन्हा भाजलेल्यांकडे ढकलायचं. इकडे आड, तिकडे विहीर. दिवसभर घोळ घालून शेवटी त्यांनी अबोलीलाच बोलावलं. यंत्राचं म्हणणं सांगितलं, आपली चूकही न लपवता सांगितली.

"तुला कुठं जायचंय?"

असा प्रश्न अबोलीच्या सवयीचा नव्हता.

"मुलांच्यात," ती म्हणाली. "कधीपासून तिथंच जायचं होतं, बाई. तिथली मुलं बरी होऊन घरी जातात, ते मला बघायचंय."

"मग बोलली का नाहीस गं?"

"तिकडं न पाठवता तुम्ही मला इतकं जपत होतात. तुमचं मन कसं मोडायचं?"

यंत्रानं तिला विचारलं नव्हतं हे खरं. पण इतक्या वर्षांत बाईंनी तरी कुठं विचारलं होतं?