ताईचे आठ दिवस, माझे चार

दाजींचा फोन मी दोनदा कट केला. सकाळचे साडेदहा वाजले होते, टीमचा स्टेटस कॉल चालू होता, आणि दाजी हल्ली हल्ली उगाचच फोन करायला लागले होते... आमच्याकडे पार्सिपनीत बर्फ पडला का, माझ्या लेकीच्या, ऋचाच्या परीक्षा झाल्या का, असलं काहीबाही विचारायला. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, सुलभाताईचे यजमान. मुक्काम चँडलर, अ‍ॅरिझोना. म्हटलं, लंचमध्ये करू. मग मेसेज आला, मराठीत टाइप केलेला. "मनीषा, फोन घे." मी मीटिंग अर्धी टाकून पार्किंगमध्ये गेले. ताई गेली, असं ते म्हणालेच नाहीत. म्हणाले, "सुलभा उठत नाहीये गं." ती सकाळी चालून आली, चहाचं आधण ठेवलं, खुर्चीत बसली आणि बसलीच. ते मला फोन करत होते तेव्हा अँब्युलन्सवाले येऊन, मान हलवून गेलेसुद्धा होते. आज सहा आठवडे झाले. ते दोन कट केलेले कॉल अजून माझ्या फोनमध्ये आहेत.

ताई माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. चिपच्या कारखान्यात इंजिनिअर होती. नखशिखांत पांढरा झगा घालून, फक्त डोळे उघडे ठेवून ती दिवसभर काम करायची, त्यामुळे घरी आली की केस मोकळे सोडून बसायची, कुणी काही म्हणो. बोलायची कमी, ऐकायची जास्त. मी उलटी. माझी जीभ आणि माझं कॅलेंडर, दोन्ही कधी रिकामं नसतं. दोघी एकाच देशात वीस वर्षं राहिलो, पण एकत्र सुट्टी म्हणून कधी गेलो नाही. तुमच्यापैकी जे इकडे आहेत त्यांना सांगायला नको, आपली सुट्टी म्हणजे भारत. वर्षभर रजा साठवायची, दोन दोन बॅगा भरायच्या, सांगलीला आईकडे जायचं, तिचे दात, तिचे डोळे, नात्यातली लग्नं उरकायची आणि दमून परत यायचं. लोक विचारायचे, सुट्टी कशी झाली? आम्ही म्हणायचो, छान. आई गेल्यावर ताई एकदा फोनवर म्हणाली, "आता सुट्टी घेऊन कुणाकडे जायचं गं?"

आईचं इथेच सांगून टाकते, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. आठ वर्षांपूर्वी आई आजारी पडली, ती सात आठवडे अंथरुणाला खिळून गेली. ताईकडे ग्रीन कार्ड होतं, ती तिसऱ्या दिवशी सांगलीत. मी तेव्हा अजून व्हिसावर. कागद मंजूर झालेले, पण पासपोर्टावरचा शिक्का संपलेला. म्हणजे भारतात गेलं की वकिलातीत मुलाखत देऊन नवीन शिक्का घ्यायचा आणि तो मिळेपर्यंत तिकडेच. कोण कोण महिनोन्महिने अडकल्याच्या गोष्टी तेव्हा इथल्या मराठी मंडळींच्या प्रत्येक पॉटलकच्या पंगतीत चालायच्या. मी वकिलाला विचारलं. तो म्हणाला, थोडी रिस्क आहे, बहुतेक काही होणार नाही, निर्णय तुमचा. मी ताईला फोनवर सांगितलं, "वकील जाऊच नका म्हणतोय." ऑफिसात माझा प्रोजेक्ट त्याच महिन्यात लाइव्ह जाणार होता, आणि त्यामागोमाग माझी बढती होती. हे मी सांगितलं नाही. ताई एवढंच म्हणाली, "मग नको येऊस. मी आहे." आईचं दहावं मी व्हिडिओवर पाहिलं. बढतीही झाली.

त्यानंतर दाजी माझ्याशी दोन शब्दांवर आले. "हो." "देतो तिला." फोन घेतला की लगेच ताईच्या हातात. त्यांना काय कळलं होतं कोण जाणे, पण माणूस कडक, सरळ, आणि सात आठवडे बायकोने एकटीने काय काढलं ते त्यांनी रोज फोनवर ऐकलेलं. मी मनात म्हणायचे, असतात काही जावई तुसडे. असं म्हटलं की सोपं जायचं.

मागच्या वर्षी मला सिटिझनशिप मिळाली. शपथविधीचा फोटो पाठवला तर ताईचा फोन. "आता शिक्का नाही, वकील नाही. चल, आपण दोघीच जाऊ कुठेतरी." तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता, पण खाई त्याला खवखवे. तिच्या कारखान्यात क्रोएशियाची एक बाई होती. तिची मावशी अ‍ॅड्रिअ‍ॅटिक समुद्राकाठी एका लहान गावात राहायची, वरच्या मजल्यावरची खोली भाड्याने द्यायची. उन्हाळ्यात तिथे पाय ठेवायला जागा नसते म्हणे, पण नोव्हेंबरमध्ये गाव पुन्हा गावकऱ्यांचं होतं. ताईला तेच हवं होतं. चँडलरमध्ये पाणी म्हणजे शेजाऱ्यांचा स्विमिंग पूल. तिला समुद्र हवा होता, आठ दिवस, आणि एकाच जागी. "काही पाहायचं नाही. बसायचं," ती म्हणाली. मी हो म्हटलं आणि त्याच आठवड्यात एक्सेल शीट उघडलं. दुब्रोव्निक, मोस्तारचा पूल, स्प्लिटचा राजवाडा, प्लिटविट्सेची तळी. एवढं आलोच आहोत तर... हे वाक्य आपल्या लोकांच्या पासपोर्टावरच छापायला हवं. ऋचा कॉलेजातून घरी आली होती, तिने माझ्या खांद्यावरून ते शीट पाहिलं. म्हणाली, "मॉम, मावशी जस्ट वॉन्ट्स टू सिट विथ यू." मी म्हटलं, तुला नाही कळायचं.

गाव खरंच सुरेख होतं. पिवळट दगडाची घरं, बंद हिरव्या खिडक्या, हॉटेलांच्या खुर्च्या उलट्या करून साखळीने बांधलेल्या. एकच कॅफे उघडा, त्यात पत्ते खेळणारे चार म्हातारे. पाणी इतकं नितळ की धक्क्यावर उभं राहिलं तर तळाचे काळे, काटेरी गोळ्यांसारखे समुद्रजीव मोजता यावेत. पहिल्या दिवशी ताई धक्क्याच्या पायरीवर बसली, बूट काढले, मोजे काढले आणि त्या गारठ्यात पाय पाण्यात सोडले. मी म्हटलं, अगं न्यूमोनिया होईल. ती म्हणाली, "होऊ दे." घरमालकीणबाई सत्तरीच्या, नाव मारिया. ताईने तासाभरात त्यांची मारियाकाकू करून टाकली. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती, पण ताईने बॅगेतून मेतकूट काढलं, गुरगुट्या भात केला, आणि तूप नाही हे कळल्यावर काकूंनी आपलं घरचं ऑलिव्हचं तेल त्यावर ओतलं. ताई म्हणाली, "आईला सांगायला हवं होतं, मेतकुटाबरोबर हे चालतं म्हणून." आईचं नाव निघालं आणि मी ताटं उचलायला उठले.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही त्याच पायरीवर बसलो होतो. ऊन होतं, वारा नव्हता. ताई समुद्राकडे बघतच म्हणाली, "मने, एक विचारू? आई जायच्या आठवड्यात... तू तिकडे काय करत होतीस गं? म्हणजे दिवसभर. मला कधी कधी वाटतं, मी तिच्याजवळ तरी होते. तू एकटीने कसं काढलंस?"

मला आजही नक्की सांगता येत नाही की तिला खरं माहीत होतं का. कदाचित ती निव्वळ माझी काळजी करत होती, आठ वर्षांनंतर. कदाचित दार उघडून देत होती, ये आत म्हणून. एक वाक्य बोलायचं होतं मला. वकील नाही म्हणाला नव्हता, मीच आले नाही. बस. ते वाक्य जिभेच्या टोकावर होतं, आई शप्पथ होतं. आणि मी उठले, कपडे झटकले आणि म्हणाले, "थांब, उद्याची दुब्रोव्निकची बस किती वाजता आहे ते विचारून येते."

तिने अडवलं नाही. "तू जा. मी इथेच आहे," म्हणाली. सकाळी स्टॉपवर सोडायला आली, दशम्या बांधून दिल्या. दोन दिवसांत परत येणार होते, पण एवढं आलोच आहोत तर म्हणून पुढे मोस्तार, मग स्प्लिट. चार दिवस. तटबंदीवरून चालले, पुलावर उभी राहिले, साडेतीनशे फोटो काढले, रोज संध्याकाळी तिला पाठवले. ती अंगठा पाठवायची. एकदा तिनेही एक पाठवला... मारियाकाकूंच्या वाडीत ऑलिव्हच्या झाडाखाली जाळं अंथरलेलं आणि ताई गुडघ्यांवर बसून फळं वेचतेय, केस मोकळे. मी लिहिलं, 'मज्जा आहे बुवा!' परत आले तेव्हा वारं सुटलं होतं, तो तिकडचा डोंगरावरून उतरणारा गार वारा, त्याने धक्क्यावर उभंही राहवेना. शेवटचा दिवस आम्ही खोलीत बॅगा भरण्यात घालवला. ताईने माझे सगळे फोटो एकेक करून पाहिले, प्रत्येकाला छान म्हणाली. तो विषय तिने परत काढला नाही. मीही नाही. मला, खरं सांगते, सुटल्यासारखं वाटलं. वाटलं, पुढच्या वेळी बोलू. पन्नाशीतल्या बायका आम्ही, पुढची वेळ कुठे पळून जाते.

आणि एक नवल झालं. डिसेंबरपासून दाजी बदलले. आधी फोन ताईला देण्याआधी "कशी आहेस?" आलं, मग पाच मिनिटं गप्पा, मग चक्क स्वतःहून फोन. एकदा ताईने केलेल्या लिंबाच्या लोणच्याचं पार्सल आलं, त्यावर दाजींच्या अक्षरात 'मनीषास, सप्रेम'. मी नवऱ्याला म्हटलं, म्हातारपणी माणसं मऊ होतात बघ. तो म्हणाला, असेल.

ताईचं सगळं झाल्यावर मी दहा दिवस चँडलरला राहिले. मागच्या अंगणात, पत्र्याच्या सावलीत दोन खुर्च्या आहेत. भारतात रविवारची सकाळ उजाडते तेव्हा तिथे शनिवारची संध्याकाळ असते, त्यामुळे मराठी पेपरची ही रविवारची पुरवणी त्यांना शनिवारीच मिळायची. ताई ती फोनवर उघडून दाजींना मोठ्याने वाचून दाखवायची, कंटाळवाणे लेखसुद्धा, शेवटपर्यंत. त्या शनिवारी दाजी एकटेच तिथे बसले होते, फोन नाकाशी धरून, ओठ हलवत. मी चहा घेऊन गेले तर म्हणाले, बस. मग फोन बाजूला ठेवून म्हणाले, "तुला एक सांगायचं राहिलंय. मी तुझ्यावर राग धरून होतो, सात-आठ वर्षं. तुम्ही निघालात तेव्हा मी सुलभाला म्हणालो होतो, या वेळी तिला स्पष्ट विचार, का आली नाहीस म्हणून. ती परत आली तेव्हा मी पहिलं तेच विचारलं. ती म्हणाली, विचारलं. मनीने सगळं खरं खरं सांगितलं, आम्ही दोघी आठ दिवस त्या पायरीवर बसून बोललो, रडलो, झालं. आता तो विषय या घरात नाही. मी म्हटलं, काय सांगितलं? तर म्हणाली, ते आमचं आमच्यात." दाजींनी चष्मा काढून पुसला. "बरं केलंस बाई बोललीस ते. ती ओझं न घेता गेली."

मी मान हलवली. हो म्हणाले. चहा गार होतोय, असंही मीच म्हणाले.

घरी येऊन मी चार आठवडे तेच घेऊन बसलेय. ताईने माझी वाट पाहिली चार दिवस, मी आले नाही, तेव्हा तिने माझ्या वाटचं बोलणं स्वतःच बोलून टाकलं आणि नवऱ्याच्या पदरात घातलं. मला कळूसुद्धा दिलं नाही. तिला जे ऐकायचं होतं ते तिला मिळालंच नाही, आणि माझ्यासाठी मात्र तिने एक माणूस परत मिळवून दिला. ती कुठलं ओझं घेऊन गेली ते मला ठाऊक आहे, आणि ते माझं होतं.

दाजी, हे तुम्ही याच पुरवणीत शनिवारी संध्याकाळी वाचाल, आणि शेवटपर्यंत वाचाल, सवयीने. वकिलाने मला जाऊ नका असं सांगितलं नव्हतं. मला भीती वाटली, आणि मला ती बढती हवी होती. त्या पायरीवर मी काही बोलले नाही. आठातले चार दिवस मी तिथे नव्हतेच, ती एकटी बसली होती. तुमच्यासमोर मान हलवली तेही खोटं होतं. तुम्ही पुन्हा माझ्याशी दोन शब्दांवर आलात तर ते रास्तच असेल, मी काही म्हणणार नाही. पण ताई तुमच्याशी आयुष्यात बहुधा एवढं एकच खोटं बोलली असेल. तिच्यावर रागावू नका.