दगडाची खालची बाजू

मागच्या रविवारी सकाळी उंद्रीला, आमच्या घरामागच्या अंगणात, बाबांची दाढी झाली. यात काय सांगायचं असं वाटेल... पण आई गेल्यानंतरची ही त्यांची पहिली दाढी होती.

मी इथे फारसं लिहीत नाही. आईच्या वेळी तुम्ही सगळ्यांनी मेसेज केले, त्यांनाही नीट उत्तर देता आलं नाही. म्हणून आज लिहितोय.

बाबा एसटीत कंडक्टर होते. दाढी कायम वस्तऱ्याने, तीही स्वतःच्या हाताने. ड्युटी पहाटेची असली तरी गाल गुळगुळीत करूनच निघायचे. वाढलेल्या दाढीने ते कधी दारापुढच्या नळावरही गेले नाहीत.

आई गेली आणि ते घरातच बसले. आम्हाला वाटलं, दुःख आहे, हळूहळू सावरतील. पण दाढी वाढत गेली आणि पारावरचे त्यांचे सोबती दारावर येऊन परत जाऊ लागले. मी ट्रिमर आणला, तो डब्यातच राहिला. सलूनमध्ये चला म्हटलं, तर फक्त "राहू दे" म्हणाले.

मी नोकरीला चिखलीत असतो, शनिवारी गावी येतो. अशाच एका शनिवारी कोनाड्यातला वस्तरा उघडून अंगठ्यावर हलकेच टेकवला. चमच्याच्या दांडीसारखा बोथट. बाबांना विचारलं, धार का लावत नाही? ते उठून आत गेले.

तेव्हाच ठरवलं... धार मी लावणार.

मला वाटत होतं, हे काम मला येतं. सोयाबीनच्या सोंगणीला आईसोबत विळे घासले होते की. न्हाणीजवळचा तिचा दगड घेतला, पाणी शिंपडलं, वस्तरा तिरपा धरला आणि जोर लावून घासला. पात्यावर ओरखडे उठले. होती नव्हती ती धारही गेली.

पुढच्या शनिवारी पुन्हा तेच. मोबाईलवर व्हिडिओ लावून बघत होतो, तरी हात विळ्याच्याच सवयीने चालत होता.

शेजारच्या मालतीमावशी कुंपणापलीकडून बराच वेळ बघत होत्या. आई आणि त्या कायम सोबतच कामाला जायच्या.

"असा काऊन घासून राह्यला बे? इळा हाय का तो?"

मी म्हटलं, मग बाबा कशी लावायचे? तर त्या हसायलाच लागल्या.

"तुह्या बापाले फक्त गाल फुगवता येते. धार तं तुही माय लावे."

मी वस्तरा खाली ठेवला. इतकी वर्षं त्या घरात राहून मला हे माहीत नव्हतं... धारेचं विचारलं तेव्हा बाबा का उठून गेले, ते आत्ता कळलं.

मावशींनी आत येऊन दगड पालथा करायला सांगितला. वरची बाजू विळ्यांनी घासून खोलगट झालेली. खालची मात्र सपाट, हाताला काचेसारखी. ती बाजू वस्तऱ्याची. कुणी चुकून विळा घासू नये म्हणून आई ती कायम खाली ठेवायची.

मग खरं शिकणं सुरू झालं. वस्तरा तिरपा धरायचाच नाही. पाठ आणि धार दोन्ही दगडाला टेकलेली ठेवायची, जोर अजिबात नाही. दगडावर धार पुढे, मग बाबांच्या ड्युटीच्या चामड्याच्या पट्ट्यावर पाठ पुढे. हे एकदा उलट झालं आणि पट्ट्याला चीर पडली. बाबा दारातून बघत होते.

धार बघायला हातावरचे केस काढायचो. ऑफिसात एकाने विचारलं, "काऊन भाऊ, एकाच हाताची सोंगणी करून राह्यले का?" सगळे हसले. मीही हसलो... बऱ्याच दिवसांनी.

मागच्या रविवारी दगडावर वस्तरा फिरवत होतो. आधी खरखर येते. मग ती बारीक होत जाते आणि शेवटी आवाज जवळजवळ उरतच नाही. नेमकं कुठे थांबायचं, हे मात्र मला कुठल्याच व्हिडिओत सापडलं नव्हतं.

बाबा मागे खुर्ची टाकून बसले होते, डोळे मिटून. मला वाटलं, डुलकी लागली.

"बस," ते म्हणाले. "तुही माय इथंच थांबे."

मी थांबलो. वस्तरा पट्ट्यावर फिरवला आणि त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो परत माझ्या हातात ठेवला आणि गाल फुगवला.

हनुवटीखाली एक लहानशी जखम झाली, तुरटी लावली. बाबांनी आरशात बघितलं, गालावरून उलटा हात फिरवला आणि सदरा मागितला. मग चप्पल घालून पाराकडे गेले. मी दारात उभा राहून ते कोपऱ्यावर वळेपर्यंत बघत होतो.

धार लावणारीचे हात आता नाहीत. पण तिच्या धारेचा आवाज बाबांच्या कानात शाबूत होता, आणि तो मला मिळाला... त्यासाठी मी दोघांचाही ऋणी आहे.

दगड धुऊन पुन्हा न्हाणीजवळ ठेवला. वस्तऱ्याची बाजू खाली.