सेठ, गिअर किधर है?

आबा साधा प्रश्नही भांडल्यासारखा विचारायचे. पर्वत पाटियाच्या पुढे एका पार्टी प्लॉटवर आम्ही लग्नाला आलेल्यांच्या गाड्या लावायचो. लांबलचक गाडी दारात थांबून मालकाने किल्ली पुढे केली, की आबा ती घेण्याआधी सगळ्या पाहुण्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायचे, “सेठ, गिअर किधर है?”

मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. पण प्रश्न खरा होता. साध्या गाडीत डावा हात खाली नेला की गिअर सापडतो. या महागड्या गाड्यांत मात्र कधी दोन सीटांमध्ये गोल चकती, कधी एसीच्या जाळीखाली बटणं, तर कधी स्टिअरिंगमागे बारीकशी दांडी. आणि प्रत्येक गाडी आमच्या हातात जेमतेम पाच मिनिटं.

आबा माझे नातलग नव्हेत; मूळचे धुळ्याकडचे, राहायचे जवळच गोडादऱ्यात. आधी कापडाच्या कारखान्यात होते, तिथल्या लूमच्या खडखडाटाने कान गेले म्हणून मोठ्याने बोलतात, असं लोक म्हणत. मला ते पटत नाही. त्यांचा आवाज चढला तो राजूचं काम गेल्यापासून. राजू आमच्यातला सगळ्यात लाजाळू. त्याने विचारलं नाही. चढावर वळताना सवयीने इंडिकेटर द्यायला उजवा हात गेला. त्या गाडीत तिथे गिअर होता. गाडी न्यूट्रलमध्ये पडली आणि मागे घरंगळत खांबावर आदळली. किल्ली देताना एक शब्द न बोललेला मालक आता ओरडत होता, “ड्राइवर है कि क्या है?” ठेकेदाराने राजूला तिथूनच घरी पाठवलं. आठवलं की अजून माझ्या मुठी वळतात.

“माले ठाऊक नही, असं म्हणाले कसानी लाज?” आबा मला दरडावायचे. “कॉलेजात तरी इचारस का, तोंड शिवीसन बसस?” मी तोंड शिवूनच बसायचो. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेज पाहिलेलं नाही. आपल्याला येत नाही हे उघडं पडेल, अशी भीती वाटायची.

गेल्या हिवाळ्यात एक शेठ आबांच्या प्रश्नावर हसला. “मोबाइल में देख ले.”

आबांनी किल्ली बॉनेटवर ठेवली. “गाड़ी तुम्हारी, पर ठुक गई तो नौकरी मेरी. दिखाओ, फिर बैठता हूँ.”

मागे रांग लागली. ठेकेदार धावत आला आणि म्हणाला, “काका, घरे जाओ. कालथी नहीं आवता.” उद्यापासून येऊच नका. मी पुढे झालो, “ते बरोबर बोलतायत.”

“तुझे भी जाना है?”

आबांनीच मला मागे ढकललं. “तू ऱ्हाय. तुनं शिक्षण बाकी शे.”

आता ते भेस्तानला टेम्पो चालवतात. फोनवर म्हणाले, “आठे गिअर जठे पाहिजे तठेच शे.” ते हसले. मला हसू आलं नाही.

परवा एक काळी गाडी थांबली. मालकाने माझ्याकडे न बघताच किल्ली तळहातावर टाकली आणि चालू लागला. मी आबांसारखाच मोठ्याने ओरडलो,

“सेठ, गिअर किधर है?”

पाहुणे वळून बघू लागले. ठेकेदारही. मागच्या गाड्यांचे हॉर्न सुरू झाले. मी किल्ली पुढे धरून उभाच राहिलो.